आमचा वार सोमवार-गुरुवार

बेटावर लग्न करून येते आहेस, तेव्हा आधी किराण्याचं बोलू. समुद्राचं, सासरचं, इथल्या सणवारांचं तुला सगळे सांगतील. किराण्याचं कोणी सांगणार नाही, आणि इथे घर त्याच्यावरच चालतं.

मॉरिशसला ऊस मुबलक. कोंबडी-अंडी इथलीच, पालेभाज्या, लाल भोपळा, वांगी, मिरच्या इथल्याच. पण तांदूळ बाहेरचा, गहू बाहेरचा, डाळी बाहेरच्या, दुधाची पावडर बाहेरची. खाण्यापिण्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश माल परदेशातून येतो आणि तो पोर्ट लुईच्या बंदरात उतरतो. चिपळूणला आपल्याकडे डाळ संपली तर घाटावरून ट्रक येतो, कुंभार्ली घाट बंद असला तर दुसऱ्या रस्त्याने येतो. इथे दुसरा रस्ता नाही. म्हणून १८ मार्च २०२०च्या रात्री टीव्हीवर कोरोनाचे पहिले तीन रुग्ण जाहीर झाले, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी आधी सुपरमार्केट गाठलं.

त्या गर्दीला नावं ठेवायची नाहीत हं. इथल्या माणसाच्या अंगात वादळाची सवय मुरलेली आहे. नोव्हेंबरपासून मेपर्यंत सिक्लोनचा मोसम. एक नंबरचा इशारा लागला की मेणबत्त्या, बिस्किटं, डब्यातले मासे, पिण्याचं पाणी भरून ठेवायचं. तीन नंबर लागला की दारं-खिडक्या लावून आत बसायचं. दोन दिवसांनी इशारा उठला की बाहेर येऊन पडलेल्या फांद्या उचलायच्या. मार्चच्या त्याच आठवड्यात हेरॉल्ड नावाचं वादळ बेटाच्या बाजूने निघून गेलं होतं, मेणबत्त्या अजून टेबलावरच होत्या. आमच्या सासूबाईंनी कोरोनाची तयारी अगदी तशीच केली. दोन दिवसांची. या इशाऱ्याला नंबर नव्हते आणि तो कधी उठेल ते कोणीच सांगत नव्हतं, हे त्यांच्या मनाने घ्यायला बराच वेळ लागला. माझ्याही.

२० मार्चला देश बंद झाला. इथे त्याला सगळे कॉन्फिनमां म्हणतात, तूही तेच म्हणशील. आणि २५ मार्चपासून सुपरमार्केटं, कोपऱ्यावरची दुकानं, बेकऱ्या, सगळं बंद. तो दिवस गुढीपाडव्याचा होता. इथे तेलुगू लोकांच्या उगादीची सरकारी सुट्टी असते, त्यामुळे पाडवा सुट्टीतच येतो आणि एरवी आमच्याकडे नणंदा, भाचरं, सगळा गोतावळा जमतो. त्या दिवशी आम्ही घरातली पाचच माणसं. गुढी उभारली, कडुनिंबाची पानं मिळाली, आणि पुरणासाठी मी डाळ वाटीने मोजून घेतली. एरवी पुरणाची डाळ कोण मोजतं? उरलेल्या डाळीत पुढचे किती दिवस काढायचे याचा हिशेब मी हळदीकुंकू वाहतानाही करत होते.

दुकानं २ एप्रिलला उघडली ती आडनावांप्रमाणे. हे तुला गंमत म्हणून नव्हे, नीट समजून घ्यायचं म्हणून सांगते. ए ते एफ अक्षरांच्या आडनावांना सोमवार आणि गुरुवार. जी ते एन मंगळवार, शुक्रवार. ओ ते झेड बुधवार, शनिवार. रविवार बंद. घरटी एकच माणूस, तोंडाला मास्क, हातात ओळखपत्र, आत जास्तीत जास्त अर्धा तास, आणि तांदूळ, पीठ, तेल अशा वस्तू ठरावीकच. आमचा वार सोमवार-गुरुवार, कारण आमचं आडनाव बी वरून.

आता इथल्या मराठी आडनावांचं तुला माहीत असेल. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मजूर म्हणून जी माणसं आली, त्यांची नावं गोऱ्या कारकुनांनी ऐकू आली तशी कागदावर उतरवली. कित्येक घरांत पणजोबा-खापरपणजोबांचं पहिलं नावच पुढे आडनाव होऊन बसलं. आमच्या घरातही तसंच. दीडशे वर्षांपूर्वी पोर्ट लुईच्या धक्क्यावर एका माणसाने आपलं नाव सांगितलं आणि त्यावरून २०२० साली त्याच्या पणतवंडांनी तेल कोणत्या दिवशी आणायचं ते ठरलं. रांगेत उभं असताना तुझ्या भावोजींच्या डोक्यात हे आलं, आणि घरी आल्यावर पिशव्या धुण्याआधी त्यांनी ते आईंना सांगितलं. आईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझं मात्र लक्ष दुसरीकडे होतं. डाव्या बाजूला आमची तमिळ शेजारीण, तिचं आडनाव व्ही वरून, म्हणजे बुधवार-शनिवार. मागच्या गल्लीला लागून मुसलमान कुटुंब, त्यांचं एम, मंगळवार-शुक्रवार. आम्ही सोमवार-गुरुवार. म्हणजे तीन घरं मिळून सोमवार ते शनिवार कोणी ना कोणी दुकानात जाणारच होतं. भिंतीवरून हे पहिल्यांदा बोलली ती मागच्या घरातली आजी. तेव्हापासून आम्ही कोणीच घरात साठा केला नाही. शुक्रवारी माझं तेल संपलं तर ती आणायची, बुधवारी तिचं दूध संपलं तर तमिळ शेजारीण. एप्रिलच्या अखेरीस रमझान सुरू झाला तसा संध्याकाळी भिंतीवरून हलीम यायला लागला, आणि शाकाहाराच्या दिवशी आमच्यासाठी नुसत्या डाळीचा वेगळा काढून ठेवलेला असायचा. एवढी आठवण कोण ठेवतं गं कोणासाठी? म्हणून सांगते, इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात भिंतीपलीकडची माणसं ओळखून घे. त्यांचं आडनावही विचार. मी मनापासून सांगते आहे.

भाजीचा प्रश्न त्या मानाने सोपा गेला. इथल्या अंगणात शेवगा असतोच. आपण शेंगा खातो, हे लोक पाल्याचं पातळ सार करतात, ब्रेद मुरूम म्हणतात त्याला. अळूला ब्रेद सोंझ. आणि कुंपणावर शुशूचा वेल, फिकट हिरवं फळ, त्याची भाजी, आणि त्याच्या कोवळ्या डिऱ्यांचीही भाजी. आपल्या कोकणातल्या बाईला हे शिकायला वेळ लागत नाही. फदफदं मी केलं ते आईंना त्यांच्या आजीच्या हातचं वाटलं. वाळवलेला खारा मासाही इथे मिळतो, टोमॅटोच्या रुगायमध्ये घातला की एका तुकड्यात चार माणसं जेवतात.

पाव नव्हता, हे मात्र जड गेलं. इथे सकाळी पाव, संध्याकाळी पाव. बेकरीतून गरम पाव आणणं हे मुलांचं पहिलं काम असतं. बेकऱ्या बंद, यीस्ट कुठेच नाही. मग घरोघरी फराता लाटायला सुरुवात झाली. आपल्या पराठ्याचाच भाऊ, पण पदर सुटलेला. न्याहारीला फराता, चारला फराता, रात्री भात. दालपुरी तर एरवी रस्त्यावर गाडीवरच खायची गोष्ट, तीही घरी. पीठ कोण मळणार, कोण लाटणार, कोण भाजणार, ओटा कोण पुसणार? मी तुला इथवर आणलं ते यासाठी.

मी शाळेत मराठी शिकवते. शाळा बंद, म्हणून सकाळभर मुलांना फोनवर गृहपाठ पाठवणं, तपासणं चालू. माझी दोघं टीव्हीसमोर, कारण धडे टीव्हीवरून सुरू झाले होते, आणि एक धडा इंग्रजीत, एक फ्रेंचमध्ये, मध्ये शंका आली की क्रिओलमध्ये मला हाक. आईंना मधुमेह, त्यांच्या गोळ्या, त्यांचं वेळेवर खाणं. आणि तुझे भावोजी घरी. ते पश्चिम किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात कामाला. २०१९ साली या बेटावर जवळपास १४ लाख पर्यटक आले होते. इथल्या लोकसंख्येहून जास्त. मार्चनंतर एकही नाही. एप्रिलमध्ये एअर मॉरिशससुद्धा प्रशासकांच्या हाती गेली. सरकारने मालकांमार्फत पगाराला हातभार लावला म्हणून चूल पेटत राहिली, पण उद्या नोकरी राहील का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अशा वेळी पुरुष घरात गप्प बसतो. त्याला दुखत असतं, पण तो सांगत नाही, आणि आपण त्याच्या दुखण्याला जपायचं म्हणून त्याच्या हाताला काम लावत नाही. घरात माणसं चोवीस तास असल्यामुळे काम दुप्पट झालेलं, आणि ते सगळं एकाच बाईच्या अंगावर. त्या दिवसांत माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका अशाच वाकल्या.

पण त्या बंद दारांनी एक गोष्ट केली. घरातलं काम दिसायला लागलं. एरवी माणूस सकाळी जातो, रात्री येतो, मधलं काही त्याच्या दृष्टीस पडत नाही. आता पडत होतं. सिंकमधली भांडी घासली की तासाभराने पुन्हा साठतात, हे त्यांनी पाहिलं. नळाला पाणी ठरावीक वेळच येतं, तेव्हा बादल्या भरल्या नाहीत तर दुपारी काय होतं, हे पाहिलं. तेव्हाच मी बोलले. भांडून नाही, रडूनही नाही. रात्री आई झोपल्यावर गच्चीवर जाऊन बोलले. इथे घरांना सपाट स्लॅब असतो. त्या दिवसांत संध्याकाळी आमचं सगळं वाक्वा गाव स्लॅबवर असायचं, कारण समुद्रकिनारे बंद होते. चारी बाजूंनी समुद्र आणि पाय भिजवायची सोय नाही. मी एवढंच म्हटलं, की मला रोज रात्री दहाला उभं राहवत नाही, आणि उद्यापासून दुकान आणि फराता तुमच्याकडे.

यातली खोच नीट ऐक. अर्धं काम द्यायचं नाही. अर्धं दिलं की विचारणं आपल्याकडेच राहतं: मीठ किती, डबा कुठे, आता काय करू? पूर्ण काम द्यायचं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. फराता म्हणजे पीठ चाळण्यापासून तवा घासून पालथा घालण्यापर्यंत. दुकान म्हणजे यादी करण्यापासून. यादी तू करून देऊ नकोस. पहिल्या गुरुवारी ते बिनमिठाचे परत आले. मी एक शब्द बोलले नाही, तमिळ शेजारणीकडून वाटीभर आणलं. पुढच्या आठवड्यात ते बुधवारीच फडताळ उघडून बघायला लागले होते. उन्हात रांगेत उभं राहून, अर्ध्या तासात कमी भावाची डाळ कोणती ते शोधून, ते घरी यायचे तेव्हा त्यांचा चेहरा कामावरून आलेल्या माणसाचा असायचा. नोकरी नसलेल्या माणसाला तो चेहरा परत मिळणं केवढं मोठं, हे मी सांगायला नको. तुझ्यावर प्रेम करणाऱ्या माणसाला काम दिलंस म्हणजे तू त्याला छळत नाहीस. उलट त्याला घरात जागा देतेस.

मुलालाही पाण्याचं काम पूर्ण दिलं. नळ कधी येतो, टाकी किती भरली, कोणती बादली कशाला, त्याचं तोच बघे. मुलीला आजीजवळ बसवलं.

आईंबद्दल थोडं सांगते, कारण तुझ्याही घरी सासूबाई असणार. वयस्कर माणसाला त्या काळात फार भीती वाटत होती आणि ती भीती चिडचिडीतून बाहेर यायची. देऊळ बंद, भजनाच्या मैत्रिणी बंद, टीव्हीवर दिवसभर रेस लाकाज, घरात राहा. मी नुसतं 'आई, काही होत नाही' म्हणत राहिले असते तर त्या अजून चिडल्या असत्या. मुलीने त्यांना विचारलं, आजी, तुझ्या लहानपणी असं काही झालं होतं का? आणि आजी सुरू झाली. १९६० सालचं कॅरोल वादळ. पत्र्याचं घर उडून गेलं, रात्रभर सगळी मुलं एका लाकडी पलंगाखाली. त्यानंतर बेटभर सिमेंटची घरं बांधायला सुरुवात झाली, म्हणून आज आपल्याला स्लॅब आहे. मग मलेरिया. १८६० च्या दशकात या बेटावर तापाने हजारो माणसं नेली, लोक पोर्ट लुई सोडून वर थंड भागात, क्युरपिपकडे राहायला गेले. आईंच्या लहानपणीही औषध फवारायला माणसं घरात यायची. १९७३ साली हे बेट मलेरियामुक्त झालं, तेव्हा त्या लग्नाच्या वयाच्या होत्या. आणि त्याहून मागचं, आजीकडून ऐकलेलं: जहाजावर रोग असला तर मजुरांना बेटावर न उतरवता उत्तरेच्या इल प्लात आणि गॅब्रियल या छोट्या बेटांवर ठेवत, १८५६ साली तिथे पटकीने किती जण गेले त्याची आठवण मागच्या पिढ्यांनी सांभाळली होती.

मुलीने ते सगळं मराठीत एका वहीत उतरवून काढलं. आईंची मराठी मोडकी, मध्ये मध्ये क्रिओल. मुलीची मराठी शाळेतली. दोघींची मिळून वही भरली. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्याने मुलीत जी मराठी आली नव्हती ती त्या दोन महिन्यांत आली, आणि आईंना आपण घरात ओझं नाही हे पटलं. तू सून म्हणून येशील तेव्हा सासूबाईंना सल्ला विचारायच्या आधी त्यांच्या आठवणी विचार.

आता जरा जवळ ये, हे हळू बोलायचं आहे. सगळी बंद दारं अशी नव्हती. आमच्याच भागात एका घरातून रात्री आवाज यायचे. कर्फ्यू असल्यामुळे ती बाई माहेरी जाऊ शकत नव्हती, आणि पोलिसांच्या भीतीने शेजारी रस्त्यावर येत नव्हते. शेवटी दोघीतिघींनी मिळून फोन केला. घरात मारहाण होत असेल तर इथे १३९ हा नंबर आहे, तो तुझ्या फोनमध्ये आज घाल, विमानात बसायच्या आधी. तुझा होणारा नवरा चांगला आहे, मला ठाऊक आहे, मी त्याला भेटले आहे. तरीही घाल. तुला लागणार नाही, तुझ्या भिंतीपलीकडच्या कोणाला लागेल. आणि कधी तुलाच लागला, तर माझ्याकडे ये, रात्री कितीही वाजता. लोक काय म्हणतील हा विचार मी तुझ्या वतीने करून ठेवला आहे, तू करायचा नाहीस.

पैशाचंही तसंच. स्वतःच्या नावाचं खातं उघड आणि दर महिन्याला थोडे का होईना त्यात टाक. माझी नणंद दालपुरीची गाडी चालवते. सरकारने स्वतंत्र धंदा करणाऱ्यांना ५,१०० रुपये दिले, ते तिच्या नावाच्या खात्यात आले, कारण तिचं खातं होतं. तिच्या शेजारची बाई नवऱ्याबरोबर तोच धंदा करायची, कष्ट निम्मे तिचे, पण कागदावर कुठेच नाही. तिच्या हातात काही आलं नाही.

३० मेला कर्फ्यू उठला. १५ जूनला समुद्रकिनारे उघडले, १ जुलैला शाळा. त्या पहिल्या लाटेत बेटावर दहा माणसं गेली. इतर देशांकडे पाहिलं तर आम्ही सुटलो म्हणायचं, आणि तेव्हा आम्ही तसं म्हणतही होतो. जगभर दारं बंद होती आणि आम्ही इथे लग्नकार्यं करत होतो. पण मला वाटतं, आमच्यातल्या बायकांचं खरं नुकसान त्याच जून-जुलैत झालं. जी कामं मार्च-एप्रिलमध्ये नवऱ्यांनी-मुलांनी उचलली होती ती कोणालाही न विचारता पुन्हा जुन्या जागी येऊन बसली. बेकरी उघडली, फराता बंद. चांगलं झालं, पण त्याबरोबर सकाळची न्याहारीही पुन्हा बाईकडे आली. सुपरमार्केट रोज उघडं, मग 'तू येताना घेऊन ये'. कोणी दुष्टपणे केलं नाही. सवयीने झालं. आणि बायकांनीही 'आता त्यांना कामावर जायचंय' म्हणून सोडून दिलं, स्वतःला कामावर जायचं होतं तरी.

मी सोडलं नाही. यासाठी मला कोणी कडक म्हणो. सोमवार-गुरुवारचं दुकान आजही तुझ्या भावोजींकडे आहे, अक्षरांचा नियम जाऊन इतकी वर्षं झाली तरी. नवीन बाई म्हणून तुला पहिले सहा महिने हे सांगायला अवघड वाटेल. तेव्हाच सांग. सहा महिन्यांनंतर फार अवघड होतं.

२५ जुलैला वाकाशिओ नावाचं जहाज आग्नेयेला प्रवाळावर चढलं आणि ६ ऑगस्टपासून त्यातलं तेल खाडीत यायला लागलं. तेव्हा बेटभर लोकांनी उसाचा पाला भरून लांबच लांब नळ्या शिवल्या, पाण्यावर तेल अडवायला. आमच्या ओसरीवर त्या तिन्ही घरच्या बायका शिवायला बसल्या होत्या. भिंतीवरून झालेली ओळख नसती तर आमच्या ओसरीवर इतकी माणसं जमली असती असं मला वाटत नाही.

दुसरं कॉन्फिनमां २०२१ साली १० मार्चला आलं, महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी. गंगा तलावाकडे कावडी घेऊन निघालेली माणसं रस्त्यात होती, त्यांना परत फिरावं लागलं. पाडवा पुन्हा घरातच, १३ एप्रिलला. त्या वेळी भीती कमी आणि कंटाळा जास्त होता. आणि खरा आजार त्या वर्षाच्या शेवटी आला, सीमा पूर्ण उघडल्यानंतर, जेव्हा आम्ही सगळे सावध राहायला कंटाळलो होतो. आमच्या गल्लीत दोन तिरड्या गेल्या. त्याबद्दल जास्त बोलवत नाही.

माहेराचं मात्र बोलते, कारण तुझंही माहेर समुद्रापलीकडे राहणार. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीला पूर आला आणि चिपळूण बुडालं. आमच्या घरात पुरुषभर पाणी. भाऊ आईला घेऊन माळ्यावर बसला होता आणि फोन लागत नव्हता. तेव्हा इथल्या सीमा नुकत्या किलकिल्या झाल्या होत्या, विमानं मोजकी, परतताना पुन्हा विलगीकरण. जाणं शक्यच नव्हतं. इथली वेळ भारतापेक्षा दीड तास मागे असते. पहाटे साडेतीनला उठून मी फोन लावत बसायचे, तिथे पाच वाजलेले असायचे.

सासरच्या माणसांना आपलं दुःख कळणार नाही असं आपण धरून चालतो, म्हणून बाथरूममध्ये नळ सोडून रडतो. तसं करू नकोस. मी स्वयंपाकघरात बसून आईंना सांगितलं. त्या उठल्या, त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि माझ्याजवळ बसून राहिल्या, फोन लागेपर्यंत. मग तुझ्या भावोजींनी भावाला पैसे पाठवायची व्यवस्था केली, मी न सांगता. आता माझं माहेर बुडालं की त्यांनाही बुडाल्यासारखं होतं. त्यांना ते कधीच झालं नसतं, मी सांगितलं नसतं तर.

येताना गोडा मसाला, कोकम, मेतकूट आण. बिया आणि रोपं आणू नकोस, परवान्याशिवाय ती विमानतळावर काढून घेतात. शेवग्याची फांदी आणि शुशूचा कोंब मी देईन, लागवडीला सोपे आहेत. पाण्याची टाकी किती लिटरची आहे ते घर बघतानाच विचारून घे.

आणि लग्नाआधी त्याला एक प्रश्न विचार: कॉन्फिनमांमध्ये तू घरात काय करायचास? टीव्ही बघायचो म्हणाला तर रागावू नकोस, तेव्हा तो मुलगाच होता, आणि त्याच्या हाती कोणी काही दिलंही नसेल. पण मग त्याच्या आईला वेगळं, तिच्याजवळ बसून विचार, की तेव्हा तुम्ही काय करायचात. तिला बोलू दे, मध्ये थांबवू नकोस. दोन्ही उत्तरं मला कळव, मग दुकान कोणाकडे आणि फराता कोणाकडे, ते आपण ठरवू.